वेब पत्ता आणि पानाचं टायटल: कीवर्ड कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचे

सांगली-मिरजेतल्या आणि साताऱ्याकडच्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट तपासायला घेतल्या की एक उलटा क्रम हमखास दिसतो. पानाचं टायटल, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं नाव, 'होम' किंवा 'आमची उत्पादने' असं वर्षानुवर्षं तसंच पडलेलं असतं. आणि 'यूआरएलमध्ये (वेब पत्त्यात) कीवर्ड (लोक गूगलवर शोधायला टाइप करतात तो शब्द) पाहिजे' असं कुणीतरी सांगितलं म्हणून चालू साइटचे पत्ते मात्र सारखे बदलले जातात. टायटल तसंच राहिल्याने नवं गिऱ्हाईक येत नाही आणि पत्ते बदलल्याने जुनं गिऱ्हाईक वाट चुकतं.

गूगलच्या स्वतःच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या मुख्य नावात, किंवा पुढच्या पत्त्यात कीवर्ड असल्याने शोधनिकालांच्या क्रमवारीवर नाममात्र परिणाम होतो. जानेवारी २०२५ पासून तर मोबाइलवरच्या निकालात पत्त्याचा पुढचा भाग दिसतही नाही, फक्त डोमेन दिसतं. टायटलचं तसं नाही. निकालात निळ्या मोठ्या अक्षरांत बहुतेक वेळा तेच येतं, आणि ते वाचूनच माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. म्हणून पत्ता पान प्रसिद्ध करण्याआधी एकदाच नीट ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. मेहनत टायटलवर घ्या, ते कितीही वेळा सुधारता येतं.

एक सूचना: या लेखातले पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिलेत. टाकताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायचे आहेत.

## सुरू करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी ठेवा.

एक, गूगल सर्च कन्सोलमध्ये तुमची साइट जोडलेली असू द्या. हे फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले याची १६ महिन्यांपर्यंतची माहिती तिथे मिळते. साइट आजच जोडली तर माहिती आजपासून साठायला लागेल, म्हणून हे काम पहिलं.

दोन, एक साधी एक्सेल शीट करा. रकाने पाच: पानाचा सध्याचा पत्ता, सध्याचं टायटल, हे पान कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, नवं टायटल, आणि बदलाची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. मग दोन महिन्यांनी क्लिक वाढले तर ते टायटलमुळे की गणपतीच्या खरेदीमुळे, हे सांगता येत नाही.

तीन, साइटच्या अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे हवा. साइट बनवून देणाऱ्याकडेच तो राहिला असेल तर आधी मागून घ्या.

तपासा: साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची एक प्रणाली) असेल तर सेटिंग्जमधल्या 'रीडिंग' पानावर, सर्च इंजिनांना साइटची नोंद घेऊ नका असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनत असताना ती टिक केलेली असते आणि बऱ्याचदा तशीच राहून जाते. ती टिक असेल तर पुढचं सगळं वाया जाईल.

## टप्पा १: शब्द गोळा करा, मनाने ठरवू नका

तुम्ही मालाला जे म्हणता आणि गिऱ्हाईक जे टाइप करतं, ते एकच असेल असं नाही. तासगावच्या बाजारात 'बेदाणा' म्हणतात. पुण्या-मुंबईतलं गिऱ्हाईक 'मनुका' टाइप करेल किंवा 'किसमिस'. काळ्या मालाला तर बहुतेक घरांत 'काळे मनुके'च म्हणतात.

शब्द गोळा करायचा क्रम असा ठेवा:

1. आठवडाभर दुकानात आणि व्हॉट्सअॅपवर येणारी चौकशी गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून काढा. 'कंदी पेढे किती दिवस टिकतात?', 'हळद पॉलिश केलेली आहे का?' अशी जशीच्या तशी.
2. मोबाइलवर गूगल उघडा, खाजगी मोडमध्ये, म्हणजे तुमचा जुना इतिहास मध्ये येणार नाही. मुख्य शब्द टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. हेच देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत आणि इंग्रजीत असं तीन वेळा करा. सूचना तिन्ही वेळा वेगळ्या येतील.
3. सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' अहवाल उघडून 'क्वेरीज', म्हणजे लोकांनी टाइप केलेले शब्द, पाहा. जिथे इम्प्रेशन (तुमचं पान निकालात किती वेळा दिसलं तो आकडा) भरपूर पण क्लिक नगण्य आहेत, त्या ओळी वेगळ्या काढा. तिथे गूगल तुम्हाला दाखवतंय, पण लोकांना तुमचं टायटल आपलं वाटत नाहीये.

गावांच्या नावांकडेही लक्ष द्या. २०२५ मध्ये इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, पण जुनं नाव टाइप करणारे अजून बरीच वर्षं राहणार. अशा पानावर दोन्ही नावं वाक्यात सहज येतील असं लिहा. पत्त्यात जुनं नाव असेल तर केवळ त्यासाठी पत्ता बदलू नका.

## टप्पा २: एका पानाला एकच प्रश्न

गोळा झालेल्या शब्दांची वाटणी करा. 'मनुका १ किलो किंमत' टाइप करणाऱ्याला विकत घ्यायचंय. 'काळे मनुके भिजवून खाण्याचे फायदे' विचारणाऱ्याला माहिती हवीय. 'बेदाणा भाव आज तासगाव' शोधणारा शेतकरी किंवा व्यापारी आहे, त्याला सौद्याचा दर पाहिजे. ही तीन वेगळी पानं आहेत. तिन्ही एकाच पानावर कोंबली की ते पान कुणाचंच होत नाही.

भावाच्या पानाबद्दल माझं मत ठाम आहे. 'आजचा भाव' हे शब्द टायटलमध्ये घालायचे असतील तर दर रोज भरला पाहिजे. रोज जमणार नसेल तर त्या शब्दांच्या मागे लागू नका. आठवडाभर जुना दर पाहून गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

इशारा: सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत म्हणून 'हळद पावडर मिरज', 'हळद पावडर जत', 'हळद पावडर शिराळा' अशी फक्त गावाचं नाव बदललेली दहा पानं करू नका. अशा पानांना गूगल 'डोअरवे' म्हणतं, आणि ती त्याच्या स्पॅम धोरणात बसतात. कवठेमहांकाळला तुमचं खरंच वेगळं दुकान असेल, तिथला पत्ता, वेळ आणि फोटो वेगळे असतील, तर वेगळं पान जरूर करा.

## टप्पा ३: पत्ता ठरवा, फक्त नव्या पानासाठी

पान लिहून झालं की प्रसिद्ध करण्याआधी इथे थांबा. पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, हाताने लिहा. तीन ते पाच शब्द पुरतात: 'राजापुरी-हळद-पावडर', 'कंदी-पेढे-कुरिअर', 'सतार-दुरुस्ती-मिरज'.

शब्दांमध्ये आडवी रेघ म्हणजे हायफन वापरा, अंडरस्कोअर नको आणि मोकळी जागा तर नकोच. सगळी अक्षरं लहान ठेवा, कारण पत्त्यात मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. तीच गोष्ट दोन पत्त्यांवर पसरायला तेवढं पुरतं. तोच शब्द दोनदा लिहू नका. 'हळद' नावाच्या विभागाखाली पान असेल तर 'हळद/हळद-पावडर-सांगली-हळद' करायचं कारण नाही, 'हळद/राजापुरी-पावडर' पुरे.

वर्ष आणि तारीख पत्त्यात घालू नका. कास पठाराच्या फुलांच्या हंगामाची माहिती देणारं पान असेल तर पत्ता 'कास-पठार-फुलांचा-हंगाम' ठेवा आणि वर्ष टायटलमध्ये घाला. म्हणजे दर ऑगस्टला त्याच पानावरची माहिती ताजी करता येईल आणि मागच्या वर्षी मिळालेल्या लिंकही कामी येतील.

### देवनागरी पत्ता की रोमन?

गूगल दोन्ही वाचतं, क्रमवारीत याने फरक पडत नाही. अडचण दुसरीकडे आहे. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ चिन्हांत फुटते. 'ह'चं '%ई०%ए४%बी९' होतं. 'हळद' या शब्दाची २७ चिन्हं होतात, 'सांगली'ची ५४. व्हॉट्सअॅपवर असा लांबलचक दुवा आला की फसवणुकीच्या भीतीने लोक तो उघडतच नाहीत.

वर्डप्रेसमध्ये आणखी एक खड्डा आहे. स्लग फुटलेल्या स्वरूपात २०० चिन्हांवर कापला जातो, म्हणजे मात्रा धरून साधारण २२ देवनागरी अक्षरं. तुम्ही शीर्षक लिहिलं 'सांगलीची राजापुरी हळद घरी कशी ओळखावी', तर आपोआप बनणारा पत्ता 'सांगलीची-राजापुरी-हळद-घर' इथेच तुटतो. 'घरी'ची वेलांटीसुद्धा राहत नाही. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेवर वेगळीच तऱ्हा आहे: मराठी शीर्षक दिलं की पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा निरर्थक बनतो. तिथे उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये 'कस्टम' निवडून, प्रसिद्ध करण्याआधी स्वतः लिहावं लागतं.

म्हणून दुकान, सेवा, हॉटेल, कारखाना यांच्या साइटला मी रोमन पत्ताच सुचवते. लिप्यंतर एकदा ठरवा आणि तेच पाळा. एका पानावर 'हळद', दुसऱ्यावर 'हळदी', तिसऱ्यावर त्याचा इंग्रजी शब्द असा गोंधळ झाला की पुढे तुम्हालाच पान सापडत नाही.

तपासा: पत्त्याच्या शेवटी '-२' लागलाय का? वर्डप्रेसमध्ये 'हळद' नावाचा फोटो आधी चढवला की तो ते नाव अडवून बसतो आणि तुमच्या पानाला 'हळद-२' मिळतं. फोटोचा स्लग बदला, मग पानाचा नीट करा. हे प्रसिद्ध करण्याआधीच पाहा.

डोमेनविषयी थोडक्यात. नावातच कीवर्ड असलेलं डोमेन घेतलं की वर येतो, हा समज जुना आहे. नुसत्या नावाच्या जोरावर वर येणाऱ्या निकृष्ट साइटना गूगलने २०१२ मध्येच खाली आणलं. दुकानाच्या नावाचं डोमेन घ्या.

## टप्पा ४: टायटल लिहा

इथे वेळ द्या. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा.

टायटल म्हणजे पानाच्या कोडमधला टायटल टॅग. ब्राउझरच्या टॅबवर जे नाव दिसतं ते. पानावर मोठ्या अक्षरांत दिसणारं शीर्षक वेगळं असू शकतं. वर्डप्रेसमध्ये योस्ट किंवा रँक मॅथसारखं प्लगिन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात 'एसईओ टायटल'ची वेगळी चौकट असते, ती भरा.

तासगावच्या बेदाण्याच्या पानाचं उदाहरण घेऊ. सुरुवातीला टायटल होतं 'उत्पादने'. पहिल्या फेरीत बहुतेक जण लिहितात: 'बेदाणा, तासगाव बेदाणा, सांगली बेदाणा, मनुका, बेस्ट मनुका, किसमिस भाव'. ही नुसती शब्दांची रास झाली. कुणी वाचत नाही आणि गूगलच्या धोरणात हे कीवर्ड कोंबणं ठरतं. आता ते असं बांधा:

1. पानाचा मुख्य शब्द पहिल्या दोन-तीन शब्दांत: 'तासगावचा बेदाणा'.
2. गिऱ्हाइकाला ठरवायला लागणारी खरी माहिती: प्रकार, वजन, पोच. 'हिरवा, पिवळा, काळा. १ किलो घरपोच'.
3. लोकांचा दुसरा शब्द वाक्यात सहज बसत असेल तरच: 'काळा' ऐवजी 'काळे मनुके'.
4. शेवटी उभी रेघ आणि दुकानाचं नाव.

झालं: 'तासगावचा बेदाणा १ किलो घरपोच – हिरवा, पिवळा, काळे मनुके | दुकानाचं नाव'. मोठ्याने वाचून पाहा. काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही हे वाक्य बोलून दाखवू शकाल तर टायटल जमलं.

लांबीची गूगलने मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीप्रमाणे ते कापून दाखवलं जातं. देवनागरीत जोडाक्षरांमुळे अक्षरं मोजून अंदाज येत नाही. म्हणून महत्त्वाचं सगळं पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा, शेपूट कापलं गेलं तरी चालेल असं.

### टायटलमधल्या नेहमीच्या चुका

सगळ्या पानांना एकच टायटल. 'दुकानाचं नाव – सांगली' असं वीस पानांवर असेल तर कुठलं पान कशाचं हे निकालात कळत नाही.

दुकानाचं नाव दोनदा. थीम किंवा प्लगिन शेवटी साइटचं नाव आपोआप जोडतं, तुम्हीही हाताने लिहिता. टॅबवर माउस नेऊन पूर्ण टायटल वाचा, लगेच दिसेल.

जुन्या फॉन्टमधला मजकूर. ही आपल्याकडची खास चूक आहे. माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं असतं आणि तोच मजकूर कॉपी करून साइटवर चिकटवला जातो. त्या फॉन्टशिवाय ती निव्वळ रोमन अक्षरांची भेसळ असते, आणि गूगलला तीच दिसते. आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. मोठं शीर्षक फोटोतच डिझाइन करून लावलं असेल तर तेही अक्षरांत लिहा.

पान मराठीत, टायटल इंग्रजीत. पानाच्या भाषेशी किंवा लिपीशी टायटल जुळलं नाही तर गूगल ते बाजूला ठेवून दुसरं दाखवू शकतं. मराठी पानाला देवनागरी टायटल द्या. मिरजेच्या सतारींना परदेशातूनही मागणी असते. तसं गिऱ्हाईक हवं असेल तर इंग्रजी मजकुराचं स्वतंत्र पान करून त्याला इंग्रजी टायटल द्या.

खोटा दावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मानांकन आपल्या मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर 'जीआय मानांकित' हे शब्द टायटलमध्ये घालू नका. 'नंबर वन' आणि 'सर्वोत्तम'ही गाळा, त्या जागेत वजन किंवा किंमत येऊ द्या.

'मेटा कीवर्ड' नावाची चौकट दिसली तर रिकामी सोडा. गूगल ती विचारात घेत नाही, असं त्याने २००९ मध्येच जाहीर केलंय.

## टप्पा ५: पानावरचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद जुळवा

गूगल तुमचं टायटल जसंच्या तसं दाखवेलच असं नाही. २०२१ पासून ते पानावरचं मुख्य शीर्षक, मोठ्या अक्षरांतला मजकूर आणि इतरांनी दिलेल्या दुव्यांचे शब्द पाहून स्वतः शीर्षक ठरवतं. टायटल एक बोलतंय आणि पान दुसरंच, असं दिसलं की बदल होऊ शकतो. टायटलमध्ये '२०२४' आणि खाली मजकुरात '२०२५' असलं तरी तसंच होऊ शकतं.

मुख्य शीर्षक पानावर एकच ठेवा, त्यात तोच मुख्य शब्द येऊ द्या, वाक्य थोडं वेगळं चालेल. टायटलमध्ये जे कबूल केलंत ते पहिल्या परिच्छेदात द्या. 'घरपोच' म्हटलंत तर कुठे, किती दिवसांत आणि किती खर्चात, हे वरच लिहा.

## टप्पा ६: जुना पत्ता बदलायचाच असेल तर

आधी स्वतःला विचारा, का? 'पत्ता छान दिसत नाही' हे कारण पुरेसं नाही. पान चालू आहे, लोक येताहेत, तर पत्ता कितीही ओबडधोबड असो, राहू द्या. साइट दुसरीकडे हलवताना किंवा संपूर्ण रचना बदलतानाच हे काम काढा.

1. जुना पत्ता कुठे कुठे छापलाय ते शोधा. गूगल बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सअॅप कॅटलॉग, फेसबुक पेज, व्हिजिटिंग कार्ड. आणि पाकिटावरचा क्यूआर कोड. हळदीची पाकिटं हजारांच्या संख्येने छापून गोदामात पडलेली असतात. त्यावरचा कोड जुन्या पानाकडे जात असेल आणि ते पान उघडत नसेल, तर ते पाकीट संपेपर्यंत नुकसान चालू राहतं.
2. जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे कायमचं वळण. ३०२ हे तात्पुरतं असतं, ते नको. वर्डप्रेसमध्ये 'रीडायरेक्शन' प्लगिनने जमतं. ब्लॉगरला सेटिंग्जमध्ये 'कस्टम रीडायरेक्ट' आहे.
3. प्रत्येक जुनं पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे वळवा. सगळं मुख्यपृष्ठाकडे वळवलं की पेढ्यांसाठी आलेला माणूस दारातच अडकतो, आणि गूगलही ते पान हरवल्यासारखं धरू शकतं.
4. साइटच्या मेनूतले आणि मजकुरातले दुवे थेट नव्या पत्त्याचे करा. वळणावर वळण, त्यावर आणखी वळण अशी साखळी होऊ देऊ नका.
5. नवा साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, सर्च कन्सोलमध्ये द्या.

इशारा: वर्डप्रेसमध्ये 'पोस्ट'चा स्लग बदलला तर जुना पत्ता आपोआप नव्याकडे जातो, पण 'पेज'साठी ती सोय नाही. उत्पादनांची आणि सेवांची पानं बहुधा 'पेज' असतात, त्यामुळे तिथे प्लगिन लागतंच.

रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. पाकिटावर कोड छापला असेल तर काढूच नका.

## टप्पा ७: तपासणी आणि वाट पाहणं

बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता तपासून 'इंडेक्सिंगची विनंती', म्हणजे गूगलने पानाची नव्याने नोंद घ्यावी अशी विनंती, करा. एकदाच करा, रोज बटण दाबून काम लवकर होत नाही. नवं टायटल निकालात दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

चार आठवड्यांनी शीट उघडा. त्या पानाचे बदलाआधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस समोरासमोर ठेवा. इम्प्रेशन तेवढेच पण क्लिक वाढले, म्हणजे टायटल लागू पडलं. इम्प्रेशनच घटले तर मुख्य शब्द चुकलाय किंवा हंगाम सरलाय, आणि ते शीटवरच्या तारखेवरून कळेल. पेढे, फुलं, द्राक्षं यांची तुलना शक्यतो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

मग स्वतःच्या टायटलचा शोध घेऊन पाहा. गूगलने ते बदलून दाखवलं असेल तर त्याने काय निवडलं ते नीट वाचा. बऱ्याचदा ते पानावरचंच एखादं शीर्षक असतं आणि तुमच्यापेक्षा नेमकंही असतं. तसं असेल तर तेच टायटल करा. चुकीचं असेल तर पाचव्या टप्प्यावर जाऊन शीर्षक आणि मजकूर जुळतोय का ते बघा.

एका वेळी पाच-सहा पानंच घ्या, आणि ज्यांचे इम्प्रेशन जास्त, क्लिक कमी ती आधी. त्यांचा निकाल शीटमध्ये लिहून झाला की पुढची पाच काढा.